बारा ते दोनचा पहारा

रामकृष्णहरी, मित्रांनो! आमच्या देवळात शिरलात की डाव्या हाताच्या खांबावर, लाल फडक्यात गुंडाळलेली एक वीणा टांगलेली दिसेल. ती मी. माझा भोपळा काळवंडला आहे, दांडीवरची नक्षी माणसांचे हात फिरून फिरून गुळगुळीत झाली आहे. पण तार छेडाल तर अजूनही गोड बोलते हो. परभणी जिल्ह्यातल्या एका लहानशा नगर परिषदेच्या गावात, नाल्याच्या गल्लीत, माझं सगळं आयुष्य गेलं. गावाचं नाव सांगत नाही. सांगून कुणाला उणं आणायचं?

मला मिरजेच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं घडवलं. सटवाजीबुवा मला आणायला आले होते. गल्लीतल्या बारा घरांनी खळ्यावरची ज्वारी काढून दिली होती, तिच्यातून मी आले. मिरजेपासून परभणीपर्यंत रेल्वेत बुवांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. शेजारचा म्हणाला, "बाबा, ठेवा की फळीवर, कुणी नेत न्हाई." बुवा म्हणाले, "नेईल म्हणून न्हाई. सवय लागू द्यावी म्हनलं."

कसली सवय, ते मला श्रावणात कळलं. श्रावणात आमच्या गल्लीत अखंड हरिनाम सप्ताह बसायचा. सात दिवस, सात रात्री. त्या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकानं गळ्यात घालून उभं राहायचं, नाम घ्यायचं, तार छेडत राहायची. दोन तास झाले की दुसरा येणार, पहिल्याच्या पाया पडणार आणि मला आपल्या गळ्यात घेणार. याला पहारा म्हणतात. दिवसाचे पहारे बारा, गल्लीतली घरंही बाराच. एक पहारा उगवतीच्या बाजूचा, पुढचा मावळतीच्या बाजूचा, अशी सटवाजीबुवांनी लावून दिलेली रीत. पहाऱ्याची यादी कधी कुणी लिहिली नाही, ती ज्याची त्याला पाठ. आणि पहाऱ्याला कुणी कुणाला बोलावायला जायचं नाही. देवाच्या दारी आपल्या पायानं यायचं.

आता उगवती-मावळती अशा दोन बाजू का, तर तेव्हा गल्लीच्या मधोमध खरोखरचा नाला वाहायचा. देऊळ उगवतीला. मावळतीची सहा घरं फळीवरून नाला ओलांडून यायची. बुवांनी मुद्दाम पहारे आलटून पालटून लावले, म्हणजे दोन्हीकडच्या माणसांचे पाय फळीवर पडत राहतील.

एका श्रावणात पावसानं नाला फुगला. दहा ते बारा बुवांच्या मुलाचा, लिंबाजीचा पहारा. बारा ते दोन समोरच्या बन्सीधरचा. दोघेही विशीतले, एका ताटात जेवणारे. बन्सीधरला फळीवरून येववेना, म्हणून लिंबाजी मला गळ्यात घेऊनच त्याला हात द्यायला पुढे गेला. फळी सरकली. दोघेही धपकन गुडघाभर चिखलात! पण मित्रांनो, चार हातांनी मला डोक्यावर उचलून धरलेलं. तोंडात चिखल, डोळ्यांत चिखल, आणि बन्सीधर तसाच चिखलात वाकून लिंबाजीच्या पायाशी चाचपडतोय. "आरं पाय कुठायत तुझे? सापडंनात की!" सारी गल्ली हसून हसून लोळली.

पुढच्याच उन्हाळ्यात या दोघांनी आपापल्या बैलगाड्या जुंपल्या आणि मुरूम आणून नाला बुजवला. दोन महिने लागले. पाण्याला कडेनं नाली काढून दिली. वर रस्ता झाला. नाल्याची गल्ली हे नाव तेवढं उरलं.

मग माझे सुखाचे दिवस आले. किती बुवांची कीर्तनं मी ऐकली! बुवा पुढे रंगलेले, दोन्ही बाजूंना टाळकरी, मृदंगावर थाप पडलेली, आणि मी मागे कुणाच्या तरी गळ्यात. विठ्ठल विठ्ठल सुरू झालं की माझ्या तारा मला विचारत नसत, आपोआप बोलत. कीर्तन संपलं की माणसं आधी माझ्या पाया पडत. सप्ताह उठला की मला पुसायचं, तारा उतरवून ठेवायच्या, फडकं धुवायचं, हे काम लिंबाजीची बायको कमलबाई करायची. लग्न होऊन आल्यापासून तिनंच केलं. माझ्या भोपळ्यावरचा एकेक ओरखडा तिच्या बोटांना ठाऊक आहे. पण गळ्यात मला तिनं कधी घातलं नाही. आमच्या गल्लीत बायकांनी वीणा धरायची रीत नव्हती.

गेल्या वर्षीच्या श्रावणात, सप्ताह बसायच्या चार दिवस आधी, नगर परिषदेच्या फळ्यावर नव्या प्रभागांचा नकाशा लागला. लिंबाजीच्या सुनेनं, प्रियांकानं, मोबाइलवर त्याचा फोटो काढून आणला. देवळाच्या ओट्यावर सगळे वाकून बघू लागले. जुन्या नाल्यावरून एक जाड रेघ गेलेली. रेघेच्या उगवतीला प्रभाग तीन. मावळतीची सहा घरं प्रभाग सातात, पार हायवेच्या पलीकडच्या नव्या प्लॉटिंगसोबत.

"मामा, हद्द नाल्यावरून घेतलीय म्हणे," प्रियांका म्हणाली.

"कोणत्या नाल्यावरून?" लिंबाजी म्हणाले. आता ते सत्तरीला आलेले. "नाला नकाशात हाय गं, गल्लीत न्हाई!"

कमलबाई म्हणाली, "म्हंजे माझं खरकटं पाणी तीनमधी सांडायचं आन् वाहून सातमधी जायचं? नाली तुंबली तर कोणत्या मेंबरच्या दारी जाऊ?"

बन्सीधर ओट्याच्या कडेला बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "लिंबा, आता तुझ्याकडं चहाला यायचं तर आधार कार्ड घेऊन येऊ का रं?"

सगळे हसले. मी पण. नंतर किती दिवस आठवत राहिले, की ते दोघे एकत्र हसले ते तेवढंच शेवटचं.

हरकती घ्यायला मुदत होती. लिंबाजींनी अर्ज लिहून घेतला. नाला बुजवून पंचेचाळीस वर्षं झाली, तो मी स्वतः बुजवला, गल्ली एक आहे, ती एकाच प्रभागात ठेवा, मावळतीच्या म्हाताऱ्यांना मतदानाला हायवे ओलांडायला लावू नका. खाली त्यांची सही. मग बाकीच्या सह्यांसाठी ते घरोघर निघाले. मावळतीला पहिलं घर बन्सीधरांचं. दारात त्यांचा मुलगा बजरंग उभा होता.

"काका, राग मानू नका," बजरंग म्हणाला. "आमाला ही रेघ बरी हाय. इतकी वर्षं मेंबर तुमच्याच बाजूचा झालाय. या बारीला मी उभा राहायलोय. सातमधी माझं जमतंय."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. मावळतीचा मेंबर खरंच कधी झाला नव्हता. हे लिंबाजींनी ऐकून घ्यायला पाहिजे होतं. पण त्यांचा पारा चढला. आत बसलेल्या बन्सीधरांना ते ओरडून म्हणाले, "बन्सी, पोराच्या खुर्चीपायी नाला पुन्हा उकरायलास का?"

बन्सीधर बाहेर आले. म्हणाले, "कागदावर माझं नाव घातलंस का?"

"घातल्याबिगर कसं जमंल? गाडी तुजीबी हुती."

"काढ ते नाव. आत्ताच काढ."

लिंबाजींनी पेन घेतलं आणि काढलं.

सप्ताह बसला. मावळतीची माणसं पहाऱ्याला येत होती, मुकाट्यानं पाया पडून मला घेत होती, मुकाट्यानं देत होती. बन्सीधर पहिले तीन दिवस परगावी, लेकीकडे जाऊन बसले होते. त्यांचा पहारा बजरंगनं उरकला. चौथ्या दिवशी ते परतले, आणि नेमकी त्याच दिवशी परभणीला हरकतींची सुनावणी निघाली. दुपारी दोन वाजता.

सकाळीच जीप भरली. उगवतीचे सगळे बाप्ये निघाले, प्रियांका कागद घेऊन पुढच्या सीटवर. बजरंगही आपली माणसं घेऊन वेगळ्या गाडीनं गेला, त्यालाही आपलं म्हणणं मांडायचं होतं.

"मामा, चला ना. पहारा दुसऱ्या कुणाला द्या," प्रियांका म्हणाली.

"सटवाजीच्या घरचा पहारा कधी चुकला न्हाई, पोरी. बाराला बन्सी येतो. सव्वाबाराची एसटी हाय. दीड तासात पोचतो."

दहा वाजता मला त्यांनी गळ्यात घेतलं. देवळात आम्ही दोघंच. मागच्या मांडवात बायका रात्रीच्या पंगतीची भाजी चिरत होत्या.

बारा वाजले. बन्सीधर आले नाहीत.

लिंबाजींची नजर दारावर. समोरच, पंचवीस पावलांवर बन्सीधरांचं घर. दार उघडं. आत खाटेवर ते बसलेले दिसत होते. त्यांनाही आम्ही दिसत असणार, निदान ऐकू तर येतच होतो. सव्वाबाराच्या एसटीचा हॉर्न फाट्यावर वाजला. लिंबाजींच्या छातीची धडधड माझ्या दांडीत उतरली. ते हाक मारतील असं मला वाटलं. नाही मारली. पहाऱ्याला बोलवायचं नसतं ना!

कमलबाई पदराला हात पुसत धावत आली. "आवं, गाडी गेली की! फाट्यावरच्या टेम्पोला सांगते, अजून पोचाल. ती वीणा द्या माझ्याकडं."

"तुज्याकडं?"

"मी धरते तवर. उभी राहते की. नाम मला येत न्हाई का?"

लिंबाजी तिच्याकडे बघत राहिले. मित्रांनो, मला वाचा असती तर त्या क्षणी मी ओरडले असते. अहो, द्या हो! तिच्याइतके ओळखीचे हात मला साऱ्या गल्लीत नाहीत. आणि तेही जमत नसेल तर ठेवा मला खाली, या थंड फरशीवर. मी रुसणार नाही. देवही रुसणार नाही. पण जा!

"आजवर बाईच्या गळ्यात दिली न्हाई," ते हळूच म्हणाले. "माझ्या हातानं रीत मोडायला नको."

कमलबाई तिथेच खांबाला टेकून बसली.

दोन वाजले. दोन ते चारचा उगवतीचा माणूसही जीपमधूनच गेलेला. अडीचला तिचा फोन वाजला. प्रियांका रडकुंडीला आलेली. "आत्याबाई, मामा कुठंयत? नंबर पुकारला. साहेबांनी थांबून पाच जणांचं आधी घेतलं, मग पुन्हा पुकारलं. नाला कुणी बुजवला, कधी बुजवला, विचारायलेत. आमच्यातलं कुणी जन्मलं तरी होतं का तेव्हा? अर्जदार गैरहजर लिहायलेत हो!"

फोन स्पीकरवर लागला होता. लिंबाजींनी सगळं ऐकलं. तार छेडणारं त्यांचं बोट अडखळलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातात माझा सूर तुटला. एक ठोका, दोन ठोके, मग पुन्हा लागला.

समोर खाट करकरली. बन्सीधर अनवाणी आले. दारात थांबले, मग वाकून लिंबाजींच्या पायांवर डोकं ठेवलं. या वेळी पाय शोधावे लागले नाहीत.

"मला वाटलं, तू माझं नाव काढलंस," ते म्हणाले.

"कागदावरून काढ म्हनलास, कागदावरून काढलं. पहारा कागदावर कधी हुता रं, बन्सी?"

बन्सीधरांनी मला गळ्यात घेतलं. माझ्या भोपळ्यावर काहीतरी गरम पडलं. साडेचार तास उभे राहिलेले लिंबाजी तिथेच बसले. मग त्यांना उठवायला दोन बायका लागल्या.

पुढचं सांगायला फार नाही. रेघ कायम झाली. काल्याच्या कीर्तनाला बुवा सगळ्यांनी एका हंडीतलं खाण्याबद्दल फार गोड बोलले, पण मावळतीची निम्मी सतरंजी रिकामी होती. निवडणूक झाली. बजरंग पडला. प्रभाग सात मोठा, हायवेपलीकडची मतं जास्त, त्यांचाच माणूस आला. बन्सीधर मतदानाला गेलेच नाहीत. हायवेच्या कडेला अर्धा तास उभे राहिले आणि गाड्यांची रीघ बघून मागे फिरले. आपल्या मुलाला मत देता आलं नाही त्यांना. नाली तुंबली आहे. तीनचा मेंबर म्हणतो सातकडे जा, सातचा म्हणतो तीनकडे.

यंदा मावळतीनं वेगळा सप्ताह बसवला, नवी वीणा आणली. बिचारी कोवळी आहे, तिचा काय दोष? पण बारा पहाऱ्यांना दोन्हीकडे सहा-सहाच घरं. रात्री उभं राहायला माणसं पुरेनात. म्हणून दिवस मावळला की ती तिकडे खुंटीवर, मी इकडे खुंटीवर. अखंड नाव तेवढं बॅनरवर उरलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. समोर कुणी आपला भार घेऊन उभं असेल, तर बोलावण्याची वाट बघू नका. आणि तुम्ही उभे असाल, तर हाक मारा. हाकेनं रीत मोडत नाही. आणि कुणी मायेनं हात पुढे केला, तर तो कुणाचा आहे हे विचारू नका.

अलीकडे रोज दुपारी कमलबाई मला पुसायला येते. बाराच्या सुमाराला देवळात कुणी नसतं. फडकं सोडते, इकडे तिकडे बघते आणि मला गळ्यात घालून उभी राहते. एक तार छेडते. समोरच्या घरातून म्हातारा खोकला ऐकू येतो, आणि खाट करकरते. दोघंही थोडा वेळ तसंच थांबतात. मग ती मला परत खांबावर टांगते.