कामट्या तासायचं मशीन

आमच्या ह्यांनी ओसरीत मशीन बांधायला घेतलं तेव्हा अख्ख्या न्हावऱ्याला करमणूक झाली. मोडक्या शिलाई मशीनचा सांगाडा, गिरणीचा जुना पट्टा, चुलतदिराच्या विहिरीवरची मागून आणलेली मोटर आणि वर दोन तिरकी पाती. एका बाजूनं बांबूची कामटी सरकवली की दुसऱ्या बाजूनं तिकोनी होऊन बाहेर यायची. अशा सहा कामट्या चिकटवल्या की मासे धरायची काठी तयार. परदेशातले लोक म्हणे त्या काठीनं पाण्यावर पिसांची खोटी माशी फेकतात आणि धरलेला मासा परत सोडून देतात.

"मंग धरत्यात कशाला?" आबांनी विचारलं. हे पट्टा ताणून बसवायला लागले.

आबा म्हणजे माझे सासरे, चांगदेव. आम्ही बुरूड. आबांचा जन्म सुपं, पाट्या, कणगी विणण्यात गेला आणि प्लास्टिक आल्यापासून आमच्या दारात कुत्रं फिरकेना. ह्यांची रांजणगावची कंत्राटी नोकरीही त्या वर्षी सुटली. आता काठ्या परदेशी धाडणाऱ्या यवतच्या व्यापाऱ्याला काठीचा नमुना पसंत पडला तर घरबसल्या काम, नाहीतर मित्रानं हैदराबादेकडे बघून ठेवलेली नोकरी. मला माझा माणूस घरात हवा होता. त्यापायी मी त्या भंगाराला रोज हळदकुंकू वाहिलं, हसणारे हसू देत.

ह्या कामाला बांबू खडखडीत वाळलेला लागतो. ह्यांनी कामट्या तेलाच्या रिकाम्या पिंपात घालून, खाली जाळ करून भाजल्या. मग पात्यांना धार लावून आणायला शिरूरला गेले, ते दुसऱ्या दिवशी आले. कामट्या तासल्या, चिकटवल्या, वर रेशमाचा दोरा गुंडाळला. काठी अशी देखणी झाली की मी ती पदरानं पुसली.

यवतहून हे संध्याकाळच्या एसटीनं परतले. हातातली काठी सांध्यासांध्याला उकललेली.

"नुसती वाकवली त्यानं," हे म्हणाले. "दुसऱ्याला दिलं काम."

सकाळी हे मशीन तपासत बसले. पुन्हा पुन्हा माप घेतलं. मशीनमध्ये कसलीच चूक सापडेना. तेवढ्यात आबा तांब्या घेऊन आले आणि उरलेल्या भाजक्या कामट्यांवर पाणी शिंपडून वर ओलं पोतं टाकायला लागले.

"आबा, हे काय करताय?"

"उन्हाळा हाय. बांबू तडकतो. तू शिरूरला गेलावतास तवा बी म्याच भिजवलं, तुला कुठलं सुचतंय! पोतं काढून सावलीत पसरल्या म्हून वरनं सुकल्या."

आत ओल राहिलेल्या कामट्या काठी झाल्यावर सुकल्या होत्या, आकसल्या होत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार तोच ह्यांनी माझा हात घट्ट दाबला.

"बरं केलं आबा. मशीनच वाकडं बसलं माझं."

"म्या पयल्या दिशीच म्हनणार व्हतो," आबा म्हणाले. "पर तुझं मन मोडू वाटंना."

मला ह्यांचा राग आला. खरं बोलले असते तर निदान आम्हाला तिघांना मिळून रडता आलं असतं.

मोटर ज्याची त्याला परत गेली. दौंडला ह्यांना हैदराबादच्या गाडीवर सोडायला आबा हट्टानं आले. गाडी हलली तसे खिडकीचा गज धरून चालायला लागले. "म्हागारी आलास की नीट बांध मशीन. बांबूची काळजी नगं करू. म्या हाय, वाळू द्यायचो न्हाई."

"व्हय आबा," हे म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघांचाही धीर सुटला असता.

घरी आल्या आल्या आबांनी पाण्याची बादली मागितली. मी भरून दिली.