लुगड्यातलं पाणी

आमच्या फ्रिजवर सध्या एक वेळापत्रक चिकटवलंय. शाळेचं नव्हे, हवेचं. महेशने, माझ्या मुलाने, ते लिहिलं. तो अंबडला एका कारखान्यात विजेची पॅनेलं बसवतो, त्यामुळे घरातलं प्रत्येक बटण त्याला घड्याळावर चालवावंसं वाटतं. सात ते साडेसात न्हाणीघरातला पंखा. आठ ते नऊ स्वयंपाकघरातला. दुपारी ऊन पडलं तर दोन तास खिडक्या उघड्या. संध्याकाळी सहा ते आठ खिडक्या बंद करून मी आणि नात झोपतो त्या खोलीत ते हवेतलं पाणी ओढायचं यंत्र. मी त्याला हवा पिळायचं यंत्र म्हणते.

"दिवसभर चालवलं तर विजेचा मीटर पळत सुटतो, आई," महेश म्हणाला होता. "दोन तास पुरेत."

पण ते पुरत नव्हते. वेदिका, माझी नात, सात वर्षांची. गेल्या श्रावणात तिला दम एवढा लागला की तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. घरातली ओल कमी करा, डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या उशाशी ओल मोजायचं एक छोटं घड्याळ ठेवलंय. त्यात आकडा साठच्या खाली हवा. रोज सकाळी तो असायचा अठ्ठ्याहत्तर.

शेवटी सृष्टीने, सूनबाईने, बॅग काढली. "पंधरा दिवस बघते. आकडा नाही उतरला, तर पावसाळाभर हिला येवल्याला आईकडे ठेवते. तिकडची हवा कोरडी आहे. शाळेचं बघू काहीतरी."

तिचं चुकत नव्हतं. रात्री मुलीची छाती वाजते तेव्हा उठून बसणारी तीच. पण वेदिका माझ्या खोलीत झोपते, माझ्या हाताला तिच्या वेणीची सवय आहे.

महेशने भिंत ठोकून पाहिली. "आपण सगळे झोपेत, पंखे बंद, नळ बंद. मग पाणी येतं कुठून? बाहेरची भिंतच झिरपत असणार." रविवारी गवंड्याला बोलवायचं ठरलं.

शनिवारी शाळेला सुट्टी. वेदिका ते घड्याळ हातात घेऊन घरभर फिरत होती, डॉक्टरीणबाईंसारखी. ओटा अडुसष्ट. टीव्ही सहासष्ट. मी देवापुढे बसले होते. आंघोळीपासून आरतीपर्यंत माझं मौन असतं, हे तिला ठाऊक आहे, म्हणून तेव्हाच ती जास्त बोलते. देवघर आमच्या खोलीच्याच कोपऱ्यात आहे. ती तिथे आली, थांबली आणि म्हणाली, "चौऱ्याऐंशी. आजी, तुझ्या देवाला दमा झालाय."

मी वर पाहिलं. तिच्या डोक्यावर दोरी होती आणि दोरीवर माझं नऊवारी लुगडं, टोकाशी अजून ओलं.

रोज पहाटे पाचला मी लुगडं धुते, पिळते, त्या दोरीवर टाकते. दुसऱ्या दिवशी पूजेला तेच नेसायचं. गच्चीवर चार बिऱ्हाडांचे कपडे, शिवाशिव होते, म्हणून घरातच. महेश लहानपणी त्या दोरीला हात लावायचा आणि माझा मार खायचा. आता भिंत ठोकली, नळ तपासले, पण दोरीकडे त्याने मान वर केली नाही. सवयच तशी लावलेली, मीच.

पूर्वी त्या दोरीवर फक्त सणावारी वस्त्र पडायचं. हा रोजचा नेम मी कुणासाठी धरला होता, ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. गेल्या श्रावणात, दवाखान्याच्या बाकावर. पोरीचा श्वास मोकळा होऊ दे, वर्षभर रोजचं धुतलेलं वस्त्र नेसून तुझी पूजा करीन.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिळलेलं लुगडं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. दुसरं, वाळलेलं, ठेवलं. पाऊण किलोचा फरक. यंत्राची टाकी रोज जेवढी भरते, त्यातलं निम्मं पाणी माझं होतं. यंत्राला न ओढता आलेलं पोरीच्या छातीत जात असणार.

आरती उरकून मी ओट्यापाशी गेले. "सृष्टी, गवंड्याला नको म्हणावं. भिंत नाही गळत." आणि सगळं सांगितलं, बाकावरचंसुद्धा.

पोळी तव्यावर फुगून बसली. तिने गॅस बंद केला. वाटलं, आता बोलेल. बोलायचा हक्क होता तिला.

"मी त्या दवाखान्यात कुठे होते ते आठवतंय का, आई?" ती म्हणाली. "खाली मेडिकलच्या पायरीवर. मीसुद्धा बोलले होते नवस. माझा सोपा होता, चहा सोडला." मग पोळी उतरवून, "मोडू नका नेम. लुगडं फक्त खोलीबाहेर काढू."

आवाज ऐकून आलेला महेश म्हणाला, "न्हाणीघरात टाक, पंखा आहेच." "पूजेचं वस्त्र न्हाणीघरात?" मी विचारलं.

"मग मागची गॅलरी," सृष्टी म्हणाली. तिथे तिचं वॉशिंग मशीन, सगळ्यांचे मोजे, पायपुसणी. म्हणजे शिवाशिव आलीच. पण पोरीचा श्वास मागितला होता मी, लुगडं मिरवायची परवानगी नव्हे.

"चालेल," म्हटलं.

महेशने गॅलरीला प्लास्टिकचा पडदा लावला, वरच्या झडपेत पंखा बसवला. वेळापत्रकात सगळ्यात वर नवी ओळ आली: पहाटे पाच ते साडेसहा, गॅलरीतला पंखा, आईचं लुगडं. संध्याकाळी यंत्र चालू असताना मात्र खोलीचं दार घट्ट लावायचं, ही जबाबदारी वेदिकाने घेतली.

आकडा बहात्तरवर आला. मग सत्तर, चार दिवस तिथेच अडून बसला. सृष्टी बॅगेत रोज एकदोन कपडे टाकत होती, मी पाहत नसल्यासारखं करत होते.

पंधराव्या सकाळी वेदिका घड्याळ घेऊन धावत आली. "बासष्ट."

साठ नव्हतं ते. सृष्टीने आकडा स्वतः पाहिला, पोरीच्या पाठीला कान लावला, बराच वेळ. मग बॅगेची चेन उघडली, दोन फ्रॉक काढून कपाटात ठेवले. थांबली. स्वेटरही काढला.

"अजून आठ दिवस बघू," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

मी काहीच बोलू शकले नाही. आरती व्हायची होती, मौन सुटलं नव्हतं.