थांब्याथांब्याला थांबणारी टर्बो

मी एक टर्बो गाडी बोलतेय. तापल्या इंजिनावर हात ठेवून शपथ घेते, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. माझा जन्म विजांच्या कडकडाटात झाला आणि मी पहिली गर्जना करताच कारखान्याचं छप्पर थरथरलं. म्हणजे तशी तेव्हा लख्ख दुपार होती, आणि थरथरलं ते फक्त कुणाच्या तरी जेवणाच्या डब्याचं झाकण. पण एवढं तेवढं चालायचंच.

माझ्या बॉनेटखाली एक लहानसं चक्र आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर ते गरगर फिरतं आणि आत जास्तीची हवा कोंबतं. तोच टर्बो. पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग पाठीत अशी बुक्की बसते की माणसाला आजोळ आठवतं. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात, पण दुसरं कुणी इतकी चांगली करत नाही, त्याला मी काय करू?

मला घरी आणलं ते आमच्या पायलटनी. विमान नव्हे हो, शहराची बस. उभा जन्म त्यांनी बस चालवली. डेपोतली मंडळी कौतुकाने पायलट म्हणायची. त्या बसला वेगाची वेसण घातलेली. कितीही दाबा, ती आपली कण्हत कण्हत जायची. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, हे मला घेऊन आले.

घरात एकच हलकल्लोळ. पायलटची लेक हाडांच्या दवाखान्यात आहे. मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. तिने मला एकदा पुढून पाहिलं, एकदा मागून पाहिलं, आणि चावी बापाच्या हातातून काढून घेतली.

"बाबा, असल्या गाड्यांतून गेलेली माणसं माझ्याकडे कुबड्या घेऊन येतात. परत करा ही."

"अगं, जन्मभराची हौस आहे."

"हौस मला कळते. तुमचे गुडघेही मला कळतात." मग जरा विरघळली. "बरं, पहिलं सर्व्हिसिंग होईपर्यंत ठेवा. त्यानंतर मी शेजारी बसेन. मला धडकी भरली तर गाडी जाईल."

"आणि नाही भरली तर?"

"भरणारच."

माझं भवितव्य असं तिच्या छातीत अडकलं. माझं कशाला, पायलटचंच म्हणा ना. त्या रात्री ते जेवलेसुद्धा नाहीत. म्हणजे जेवले, पण भात परत मागितला नाही.

नव्या इंजिनाचं अंग मोकळं व्हायला वेळ लागतो. शोरूममधल्या मेकॅनिकने बजावलं होतं, सुरुवातीला पूर्ण दाबायची नाही, एकाच वेगात लोळवायची नाही, आणि पळवून आणल्यावर लगेच बंद करायची नाही. पायलटचे मेहुणे मात्र दुसऱ्याच दिवशी हजर.

"दाजी, नवी गाडी पहिल्याच दिवशी पिळायची असते. मी माझी तशीच पिळली."

"कुठंय ती?"

"गॅरेजात."

"का बरं?"

"तेल पिते जरा." मेहुणे खिडकीबाहेर बघत म्हणाले.

पायलटनी मला पिळलं नाही. पण जे केलं ते पाहून मला बॉनेटमध्ये तोंड लपवावंसं वाटलं. रस्त्याला लागलो, वेग घेतला, टर्बो नुकता शीळ घालू लागला, आणि हे महाशय डावीकडे सरकून थांबले. बसथांब्यावर! पुन्हा निघाले, पुन्हा वेग, पुन्हा थांबा. एक नाही, दोन नाही, वाटेतला एकही चुकवला नाही. हातपाय आपोआप चालायचे. मागे बसलेली त्यांची बायको वैतागून म्हणायची, "टिंग टिंग! चला!" तेव्हा कुठे गाडी हलायची. एकदा तर एक आजीबाई पिशव्यांसकट चढल्याच. "बाई गं, सीट मऊ केल्या की यांनी," म्हणाल्या, आणि मंडईपाशी उतरताना पायलटला उशिराबद्दल चार शब्दही सुनावून गेल्या.

गल्लीत हसं झालं. लेकीच्या कानावर गेलं. "आई, बाबा थांब्यावर थांबतात? म्हणजे यांचं लक्ष कुठे असतं?" तिचा चेहरा पाहून पायलट माझी काच पुसू लागले. सवयीने हात वळतात, हे सांगायचं तरी कसं?

पण सर्व्हिसिंगच्या दिवशी मेकॅनिकने माझं तेल तपासलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं शिक्षक पहिल्या आलेल्या पोराकडे बघतात. "तेलाचा थेंब खाल्ला नाही हिने. चढवली, सोडली, चढवली, सोडली, असंच अंग मोकळं करावं लागतं. मी तर एवढं बोललो नव्हतो, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"थांब्यांनी," पायलट म्हणाले.

लेकीला ते पुरेसं नव्हतं. इंजिन चांगलं म्हणजे बाप चांगला, असं थोडंच असतं? ती शेजारी बसली, पट्टा दोनदा ओढून पाहिला. मागे मेहुणे. आम्ही शहराबाहेरच्या चढाला लागलो.

"दाबा की, दाजी!"

"तेल गरम होऊ दे."

काटा वर आला. पुढचा रस्ता मोकळा, सरळ. पायलटनी पहिल्यांदाच पाय तळाला टेकवला. क्षणभर काहीच नाही. मग मी निघाले! झाडं मागे पळाली, मेहुण्यांची टोपी मागच्या काचेला चिकटली, लेक किंचाळली आणि किंचाळता किंचाळता हसायला लागली. वळणाआधी पायलटनी वेग उतरवला होता, पण वळणात कुठल्याशा ट्रकमधून सांडलेली खडी होती. माझा मागचा भाग दरीकडे घसरला. अशा वेळी दुसरी कुठली गाडी असती तर कठड्याला भिडली असती. मी मात्र अंग आवरलं, चाकं रोवली, आणि सरळ झाले. पायलट नुसते बसून होते. लेकीला वाटलं बापानेच सांभाळलं. वाटू दे बिचारीला.

माथ्यावर आम्ही थांबलो. लेकीने इंजिन बंद करायच्या बटणाकडे हात नेला.

"थांब," पायलट म्हणाले. "धाप लागलीय तिला. जरा चालू राहू दे, आतलं तापलेलं निवू दे."

ती बापाच्या हातांकडे बघत राहिली. "बाबा, मला धडकी भरली होती."

पायलटनी मान खाली घातली. "मग? परत?"

"वळणावर भरली. वळण सरल्यावर नाही." तिने मधल्या खणातली चावी त्यांच्याच बाजूला सरकवली. "उतरताना हळू."

आज माझं अंग पूर्ण मोकळं झालंय. तुमच्याकडे एकच मागणं आहे, आमच्या जातीला पळवा जरूर, पण आधी तापू द्या आणि नंतर निवू द्या.

आणि हो, शपथेचं बघायला हवं. आजीबाई खऱ्या, टोपी खरी, थांबे तर एकूण एक खरे. खोटं एकच उरलं. त्या वळणावर मी काहीच आवरलं नाही. माझे नवे कोरे टायर घसरत होते आणि मी डोळे मिटून घेतले होते. ब्रेकला पाय न लावता, घाबरून स्टीअरिंग न ओढता, बोटभर वळवून मला रस्त्यावर आणलं ते पायलटनी.