तीनशे मॅग्नम – शॉर्ट

रायफल घेताना मला कोणी अडवलं नाही, हाच माझा पहिला राग. मी योगिनी. पुंडलिकनगरात राहते, शाळेत खेळ शिकवते आणि लांब पल्ल्याची नेमबाजी करते. गेल्या वर्षी दोन गुणांनी राज्याचा संघ हुकला. तेव्हा नेमबाजांच्या प्रत्येक व्हिडिओत एकच आरती चालू होती: शॉर्ट मॅग्नम! आखूड, जाड आणि तडाखेबंद काडतूस. परवाने काढून, दहा जणांच्या हातापाया पडून मी ती रायफल परदेशातून मागवली. ती घरात आली आणि त्या काडतुसाची फॅशनच गेली. तिकडचे कारखानेही ते मोजकंच बनवायला लागले. वरातीमागून घोडं, आणि घोड्यावर मी.

निवड चाचणीला वीस गोळ्या लागतात. माझ्याकडे आठ उरल्या होत्या. म्हणून सहा महिने आधीच मी सांडूकाकांच्या दुकानात गेले. काडतुसं विकण्यात त्यांची हयात गेलेली. तरी मी बजावलं, "काका, तीनशे शॉर्ट मॅग्नम. शॉर्ट विसरू नका."

"लिवलं की पोरी. फिकीर करू नकं."

चाचणीला चार दिवस उरले तेव्हा पेटी आली. दुकानातच उघडली आणि माझं डोकं फिरलं. काडतूस चांगलं अर्धा इंच जास्त लांब! तीनशे मॅग्नमच, पण लांबवालं. माझ्या रायफलीत ते शिरणंच शक्य नव्हतं.

"काका, शॉर्ट लिहिलं होतं ना?"

त्यांनी वही पुढे सरकवली. बारा बोअर – शॉर्ट. बत्तीस बोअर – शॉर्ट. तीनशे मॅग्नम – शॉर्ट.

मी कपाळावर हात मारला. काकांच्या वहीत 'शॉर्ट' म्हणजे संपत आलेला माल. ही यादी ज्याच्याकडे जाते तो मुंबईचा व्यापारीही वर्षानुवर्षं तसंच वाचत आलेला. सांडूशेठकडे मॅग्नम संपलं असं समजून त्यानं इमानेइतबारे पेटी भरून पाठवली.

"तू सांगितलास त्योच शब्द लिवला म्या," काका पुटपुटले. "आता कुणावर चिडायचं?"

मी सगळ्यांवरच चिडले. तशीच रेंजवर जाऊन गोकुळला गाठलं. परवान्यानिशी काडतुसं भरून देणारा तिथं तो एकटाच.

"बारूद हाय, टोप्या हायत, पुढची गोळीबी हाय," तो म्हणाला. "पुंगळी नाय, ती मागची पितळी नळी. ती तुमच्या रायफलीचीच लागती. तुमच्या जुन्या रिकाम्या पुंगळ्या कुठं गेल्या?"

रेंजच्या नियमानं त्या मीच नव्या काडतुसांच्या अर्जासोबत जमा केल्या होत्या. तिथून त्या भंगारात गेल्या होत्या. दुष्काळात तेरावा महिना.

"मग दुसऱ्या कुणाची रायफल घ्या की, मॅडम."

"चार दिवसांत तिच्यावर हात बसतो होय रे?"



रविवारी चाचणीला मी आठ गोळ्या घेऊनच गेले. न जाणं मला जमलंच नसतं. सांडूकाका न बोलावता आले आणि मागच्या बाकावर बसले. मी श्वास आवरला आणि एकेक गोळी जपून झाडली. ऐंशीपैकी एकोणऐंशी. त्या दिवशी पहिल्या आठ गोळ्यांत माझ्या पुढे कोणीही नव्हतं.

"पुढची?" पंच सत्यशीला मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. संपल्या."

त्यांनी वेळ संपेपर्यंत वाट पाहिली. मी रायफल उघडून चटईवर पडून राहिले. शेजारी सुलेखा आपल्या साध्या, कुठंही मिळणाऱ्या काडतुसांनी विसाव्या गोळीपर्यंत पोचली. मला तिचा भयंकर हेवा वाटला.

मॅडमनी बारा चौकटींत बारा शून्यं घातली, शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि कागद सहीसाठी माझ्याकडे दिला. 'गोळ्या – शॉर्ट.'

सांडूकाकांनी माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"बघ," ते हळूच म्हणाले, "मॅडमबी तसंच लिवत्यात."

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. डोळे पुसून मी त्या शब्दाखाली सही केली.