दहा पावलं

“लागली का घट्ट माती?” मोजणीसाहेबांनी दुर्बिणीमागून विचारलं.

निशाणवाल्याने निशाणाचा बांबू हातातच धरून ठेवला. माती पायाखाली लागली होती. नदी हीच दोन मुलखांची हद्द, आणि दर पुरानंतर ती सरकायची. मग दोन्ही काठांवर, घट्ट माती सुरू होते तिथे नवी रेघ ठरायची. रेघेपासून पाण्यापर्यंतच्या पट्ट्यात कुणी पेरायचं नाही. ती माती कुठे लागते हे निशाणवाल्याच्या टाचेला कळायचं. बावीस वर्षं साहेबलोक त्याच टाचेवर विसंबून होते.

यंदा नदीने त्याचं अख्खं शेत गिळलं आणि पलीकडे, सासुरवाडीला राहायला गेलेल्या धाकट्या भावाच्या दारात नवी जमीन आणून टाकली. धाकट्याने तिथे कलिंगडं लावली होती. आज मोजणी त्याच काठावर होती; निशाणवाल्याने नजरेनेच एकेक वेल मोजला. लहानपणापासून हे असंच. खस्ता थोरल्याने खायच्या, देवाने द्यायचं धाकट्याला.

तो दहा पावलं मागे, नदीपासून लांब, वेलांच्या पार पलीकडे गेला आणि बांबू रोवला.

“लागली साहेब.”

साहेबांनी आकडा टिपला. दारात धाकट्याशेजारी उभी असलेली भावजय वेलांकडे बघतच राहिली.

“अहो, आपलं सगळंच गेलं की पट्ट्यात. परत मोजायला सांगा ना.”

“परत कशाला?” धाकटा म्हणाला. “दादाने धरलाय बांबू. दादा चुकायचा नाही.” आणि खाली बसून तो वेल उपटायला लागला. एक, दोन, तीन.

चौथ्या वेलाला निशाणवाल्याचा धीर सुटला.

“साहेब, चुकलं माझं. माती अलीकडेच लागते.”

“बावीस वर्षांत कधी चुकला नाहीस, आणि आज, भावाच्याच दारात? तुझी चूक म्हणून लिहावं लागेल हे मला.”

“लिहा.”

तो दहा पावलं नदीकडे पुढे आला. रेघ ठरली. वेल राहिले, तीन सोडून.

“दादा, पाणी तरी पिऊन जा,” धाकटा म्हणाला. त्याला काय कळलं, काय नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसेना.

“नको. नाव थांबलीय.”

नावेत तो पलीकडच्या काठाकडे पाठ करून बसला. धाकट्याबद्दलची जळजळ तसूभरही कमी झाली नव्हती. मांडीवर बांबू आडवा घेऊन तो बोटांनी त्याच्या टोकाचा ओला गाळ निपटत राहिला. आपला काठ येईपर्यंत त्याने तो गाळ पाण्यात टाकला नाही, मुठीतच धरून ठेवला.