गदारोळातलं नाव

बुन-नाम मावशींनी आपली उशी उचलली आणि त्या आणखी एक बाक पुढे सरकल्या. सोमवारपासूनची ही चौथी चाल. आता चर्चच्या पंचमंडळातल्या मो वडिलांचं टक्कल हाताच्या अंतरावर आलं.

"अगं, तुझी जागा खांबाजवळ ना?" मागून होंग-इमने विचारलं.

"तिथून देव नीट ऐकू येत नाही."

"देव, की मो वडील?"

मावशी बायबलाची पानं उलटू लागल्या. पुस्तक उलटं धरलं होतं.

कोरियातल्या मोक्पो शहराच्या टेकडीवरच्या त्या चर्चमध्ये पहाटे पाचला दिवे मालवले, की चाळीस माणसं एकदम, मोठमोठ्याने, आपापलं गाऱ्हाणं देवाला सांगू लागत. देवाला सगळ्यांचं ऐकू येई. माणसांना कुणाचंच नाही. पण महिनाभर त्या गदारोळातून मावशींना एक शब्द लख्ख ऐकू येत होता. मो वडिलांच्या तोंडचं त्यांचं स्वतःचं नाव.

नावापुढचं काय असणार, हे सांगायला देव कशाला हवा? सहा वर्षांपूर्वी, हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालताना, तीनशे कोबींच्या आणि सगळ्या बायकांच्या देखत हा माणूस चाखून म्हणाला होता, "मीठ जरा सढळ हाताने पडलंय." तेव्हापासून बोलणं बंद. आता चहाड्या थेट वर चालल्या होत्या! आज कानांनी ऐकायचं, आणि खात्री पटली की रविवारपासून बाजारातलं चर्च धरायचं. इथली एकतीस वर्षं गेली खड्ड्यात. किमचीची घमेली मावशींच्या मालकीची होती. तीही जाणार होती.

पाळकांनी 'दुसऱ्याबद्दल चटकन मत बनवू नका' यावर दहा मिनिटं सांगितलं. मावशींना ते फार पटलं. त्यातले दोन मुद्दे तर मो वडिलांना नेमके लागू होते.

दिवे गेले. मो वडिलांनी नेहमीप्रमाणे कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. एवढा गलका त्यात मावत नसे. गदारोळ उठला.

"प्रभू, या माणसाचं तोंड बंद कर," मावशींनी खणखणीत आवाजात मागितलं आणि कान पुढे केला.

पाळकांनी प्रार्थना संपल्याची घंटी वाजवली. एकोणचाळीस तोंडं बंद झाली. चाळिसावं चालूच राहिलं.

"...आणि प्रभू, बुन-नामबाईंचा उजवा गुडघा. पायऱ्यांवर दोनदा थांबतात त्या, मी वरून बघतो. मिठाचं तेव्हा मी बोलायला नको होतं. माफी मागायला जावं, तर तोंड फिरवतात. म्हणून रोज तुला सांगतो, त्यांना कळव. आज महिना झाला. तू अजून कळवलेलं दिसत नाहीस."

कुणीतरी खोकलं. पाळकांनी पुन्हा घंटी उचलली, आणि न वाजवताच खाली ठेवली.

मावशी उठल्या. होंग-इमने त्यांची बाही धरली. "बाई गं, आता इथे भांडू नकोस!"

बाही सोडवून मावशी वळसा घालून पुढच्या बाकावर गेल्या, मो वडिलांच्या शेजारी बसल्या, आणि त्यांच्या कानाला तोंड लावून बाजारातल्या चर्चलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"डावा! डावा गुडघा!"

मो वडील दचकले. पण डोळे त्यांनी उघडले नाहीत.

"डावा, प्रभू," ते म्हणाले. "माझीच चूक."