पाच चिंचोके

रेणुकाची कवायत म्हणजे गल्लीला फुकटचा तमाशा होता. दर रविवारी सकाळी ती शिट्टी फुंकायची आणि घरातून एकेक जीव बाहेर पडायचा. आधी गुडघे धरत चालणारी सासू चांगुणा, मग आठ वर्षांची करिष्मा, मग दोन शेळ्या आणि शेवटी खांद्याला पिशवी अडकवलेली रेणुका. दाराशी सासरे गुलाबराव उभे. समोरच्या ओट्यावर दात घासत बसलेली माणसं विचारायची, काय रेणुकाबाई, आज पूर किती वाजता आहे? हसणाऱ्यांचं काय जातं! त्यांतल्या निम्म्यांच्या घरात दोन वर्षांपूर्वी पूर्णेचं पाणी कमरेइतकं शिरलं होतं. पाणी ओसरलं तसे ते विसरूनही गेले.

रेणुका विसरली नव्हती. त्या पुरात ती पोरीला कडेवर घेऊन शाळेच्या टेकाडावर पळाली होती. दोन दिवसांनी परत आली तर सिलिंडर, मिक्सर, पितळेची भांडी, सगळं कुणीतरी उचलून नेलेलं. पाण्यानं नेलं असतं तर तिनं मनाची समजूत घातली असती. माणसांनी नेलं, हे तिला झोंबलं ते झोंबलंच. पुढं तालुक्याला बचत गटाच्या बायकांसाठी आपत्तीचं शिबिर झालं, तेव्हा ती वही घेऊन पहिल्या रांगेत बसली. नवरा नागसेन नांदुऱ्याला धान्याच्या गोदामात कामाला, घरी यायचा आठवड्यातून एकदा. पाणी आलं तर घरात ती, दोन म्हातारी माणसं आणि एक लेकरू. यांतलं कुणीही मागं राहता कामा नये, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं.

शिबिरात सांगितलेलं तिनं शब्दाला शब्द धरून केलं. रेशनकार्ड, पासबुक, सासूच्या गोळ्या प्लास्टिकमध्ये बांधून पिशवीत. टॉर्च, दोर, शिट्टी पिशवीत. नाल्याचं पाणी आधी मागच्या दाराला लागतं, म्हणून त्या दाराला बाहेरून वाळूची पोती छातीइतकी रचून टाकली. फक्त एक गोष्ट तिनं आपल्या पदरची घातली. शेवटी निघताना पुढच्या दाराला कुलूप. शिबिरातल्या साहेबांनी कुलपाचं नावही काढलं नव्हतं, पण साहेबांचा मिक्सर कुठं गेला होता?

या सगळ्यात गुलाबरावांना काम नव्हतं. शहात्तरी ओलांडलेली, कानानं जवळजवळ ठार बहिरे, पण मान मोठा. दोन रविवार ते रुसून बाजेवरून उठलेच नाहीत. "मले काऊन काही काम नाही?" ते म्हणाले. "मी का गठुडं हाय, उचलून न्याले?" मग रेणुकानं त्यांना मोजायचं काम दिलं. सगळे बाहेर पडले की नाही ते आबांनी बघायचं.

आकड्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी आणि करिष्मानं बसून पाच चिंचोके निवडले, बंडीला पुसून काळेभोर चकचकीत केले. चांगुणाचा एक, करिष्माचा एक, शेळ्यांचे दोन, रेणुकाचा एक. पाचही बंडीच्या उजव्या खिशात. जीव उंबऱ्याबाहेर आला की त्याचा चिंचोका डाव्या खिशात जायचा. पाचवा पडला की आबा शेळ्यांची दोरी धरून पुढं चालू लागायचे आणि मागून रेणुका कुलूप घालायची. नातीनं कितीदा तरी त्यांना फसवायला बघितलं, दाराआड लपून बसली, पण तिचा चिंचोका हातात धरून म्हातारा तिला हुडकून काढल्याशिवाय जागचा हलत नसे. त्यावर दोघं खूप हसायचे.

पाणी आलं ते मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. गावात पाऊस असा नव्हताच, वरच्या अंगाला दोन दिवस कोसळत होता. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर कुणीतरी ओरडलं आणि पंधरा मिनिटांत अंगणात गढूळ पाणी फिरलं. त्या वेळी रेणुका पिठाचा डबा माळ्यावर चढवत होती. शेजारच्या वच्छलाबाईनं खिडकीच्या गजांतून हाक मारली, करिष्मा माझ्याच ओट्यावर आहे, तिला घेऊन मी पुढं होते. रेणुका बरं म्हणाली. जिवावरचं एक ओझं कमी झालं असंच तिला वाटलं. हे आबांना सांगायचं तेवढं राहिलं.

मग शिट्टी. कवायत अगदी ठरल्यासारखी झाली, आणि रेणुकाला त्या घाईतही स्वतःचं कौतुक वाटलं. चांगुणा बाहेर, शेळ्या बाहेर, सासूला काखेत धरून रेणुका बाहेर. गल्लीच्या तोंडाशी अर्जुनरावांचा ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत सासूला चढवलं, तोवर दोन्ही शेळ्या दोरी ओढत आपसूक येऊन चढल्या. रेणुका कुलूप घालायला माघारी वळली. पाणी गुडघ्याच्या वर आलेलं. दाराशी कुणी नव्हतं. शेळ्या पुढं गेल्या म्हणजे आबा पुढं गेले, दर रविवारी असंच व्हायचं. तरी तिनं उंबऱ्यातून दोन हाका मारल्या. बहिऱ्या माणसाला हाक मारून आपण काय मिळवतोय, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिनं कडी लावली, कुलूप दाबलं आणि किल्ली पिशवीत टाकली.

शाळेच्या ओसरीवर तिनं माणसं मोजली. चांगुणा होती. वच्छलाबाईच्या मांडीला चिकटून करिष्मा होती. शेळ्या होत्या. करिष्मानं विचारलं, आबा कुठंत?

रेणुका टेकाडावरून खाली धावली ती छातीइतक्या पाण्यात शिरेपर्यंत थांबली नाही. तिघांनी तिला धरून मागं ओढलं. अर्जुनराव तिच्याच पिशवीतला दोर कमरेला बांधून दोनदा आत गेले आणि दोन्ही वेळा धारेनं त्यांना फेकून दिलं. टेकाडावरून घराचे पत्रे दिसत होते. भिंती पाण्यात गेल्या, मग दाराची चौकटही गेली. किल्ली रेणुकाच्या मुठीत होती आणि ती कुणालाही काही सांगत नव्हती. लोक आपसात बोलत होते की म्हातारा कशासाठी तरी माघारी गेला असणार, म्हाताऱ्यांचा जीव घरात अडकलेला असतो. ते तिनं ऐकलं आणि तसंच राहू दिलं. हे मी तिच्या बाजूनं सांगतो आहे, पण तिनं तसंच राहू दिलं, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी पाणी पोटरीवर आल्याबरोबर ती सगळ्यांच्या पुढं निघाली. चिखलातून पळत दाराशी पोचली, कुलूप काढलं आणि पिशवीच्या तळाशी दडपलं. माणसं अजून गल्लीच्या तोंडाशीच होती.

आबा मागच्या खोलीत होते, धान्याची कोठी आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत. करिष्मा लपायची ती हीच जागा. डाव्या खिशात चार चिंचोके होते. उजवी मूठ घट्ट मिटलेली. रेणुकानं एकेक बोट उलगडलं आणि तिला सगळं कळलं. पोर सापडत नाही म्हणून म्हातारा घर हुडकत राहिला होता. तिनं तो पाचवा चिंचोका काढला आणि डाव्या खिशात चारांबरोबर टाकला. मग ती मोठ्यानं रडली आणि माणसं आत आली.

तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. नागसेन भिंतीला टेकून बसला होता. तो कुणाला दोष देत नव्हता, फक्त जो येईल त्याला एकच विचारत होता, की सगळे बाहेर पडले असताना बाबा माघारी गेले कशाला. कुणी म्हणे पैशासाठी, कुणी म्हणे काठीसाठी. चांगुणा तोंडावर पदर घेऊन पडली होती. वच्छलाबाई कोपऱ्यात बसून रेणुकाकडं बघायची आणि नजर खाली घालायची. करिष्मा आपल्याबरोबर आहे हे आबांपर्यंत पोचलंच नाही, असा तिला संशय आला होता.

करिष्मा उठून आईसमोर येऊन उभी राहिली.

"आई, आबाच्या खिशातले चिंचोके सापडले काय?"

"हाव."

"कोणत्या खिशात व्हते?"

हे उत्तर रेणुकानं स्वतःच्या हातानं त्या खिशात घालून ठेवलं होतं. "डाव्या," ती म्हणाली. "पाची डाव्याच खिशात व्हते."

"माहा बी?"

"तुहा बी. तू बाहेर हाय हे त्याहिले माहीत व्हतं."

कवायतीचे नियम पोरीला आईपेक्षा जास्त पाठ होते.

"मंग आबा बाहेर काऊन नाही आले?"

नागसेननं मान वर केली. उत्तरं दोनच होती, आणि त्यांतलं एक पोरीच्या जन्माला पुरलं असतं. रेणुकानं खुंटीवरची पिशवी काढली, हात तळापर्यंत घातला आणि चिखलानं माखलेलं कुलूप सगळ्यांसमोर सतरंजीवर ठेवलं.

"आबाले येता आलं नाही, बाई," ती म्हणाली. "दाराले बाहेरून मी कुलूप लावलं व्हतं."